हा फिर्मीनो तो नव्हे

रात्री साडेदहाला माझ्या नवऱ्याला
त्याच्याच कॉम्प्युटरने आत घेतलं नाही.

"हे फोल्डर उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही."
खाली एकच बटण: ठीक आहे.
ठीक काय आहे, डोंबल!
रविवारी मिरवणूक,
आणि आमच्या गावच्या बँडची सगळी नोटेशन्स,
दोनशे चौदा पानं, त्या पिवळ्या चौकोनात बंद.
मूळ कागदांना बुरशी चढली होती.
"आता सगळं आत आहे," असं सांगून
ते जाळायला लावणाराही हाच.

मंगळवारी मशीन मेलं होतं.
वेलासच्या दुकानातल्या एल्देरने नवं विंडोज घातलं.
डिस्क तीच, फोल्डर तेच,
नावसुद्धा त्याने जपून तेच टाकलं: फिर्मीनो.
साओ जॉर्जच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
या नावाला गायी वळून बघतात.
फोल्डर बघेना.

मग टोरांटोहून लिझेत. भाचीबाई.
तिकडे संध्याकाळ, चमच्याचे आवाज,
आणि उंटावरून शेळ्या हाकणं सुरू:
राइट क्लिक करा, मामा. प्रॉपर्टीज. सिक्युरिटी.
नाही, ते नाही, अ‍ॅडव्हान्स्ड.
आता वाचा, मालक कोण लिहिलंय?

त्याने चष्मा कपाळावर घेतला, परत खाली घेतला.
नाव नव्हतंच. आकडा होता:
एस, एक, पाच, एकवीस, आणि पुढे
मेंढ्या मोजाव्यात तसे आकडेच आकडे.

"हा कोण?"
"तुम्हीच. आधीचे."
"मग मी कोण?"
"आत्ताचे. मशीन नावावर जात नाही, मामा,
त्याने आतून दिलेला नंबर बघतं.
नवं विंडोज आलं, जुना नंबर गेला,
फोल्डर अजून त्याचीच वाट बघतंय."

तो हसला नाही.
मला त्यात नवल वाटलं नाही.
वरचं कुरण अजून कागदोपत्री माझ्या चुलतआजोबांचं आहे,
ते कॅलिफोर्नियात पुरलेले, गायी आमच्या.
आणि दोन वर्षांपूर्वी तेर्सेराच्या हॉस्पिटलातून
हा घरी आला, उजवा ओठ जरा उतरलेला,
तेव्हा कुत्र्याने दारातच अडवून
बराच वेळ हुंगलं, मग शेपटी हलवली.
मला जास्त दिवस लागले.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

"मालक बदला वर क्लिक करा. तुमचं नाव लिहा.
खाली बारीक चौकोन आहे, त्यावर खूण करा,
नाहीतर फक्त दार तुमचं होईल,
आतल्या खोल्या त्याच्याच राहतील."
त्याने खूण केली.
फायलींची नावं पडद्यावरून धावत सुटली,
मार्च, वॉल्ट्झ, शोकगीत, परत मार्च,
एकेकीवरून त्या लांबलचक परक्याचा हात उठत गेला.
मध्येच दोन ठिकाणी अडलं. लिझेत म्हणाली, पुढे चला.
पुढे गेलं.

फोल्डर उघडलं.
आवाजही झाला नाही.
त्याने बॉम्बार्दीनोचं पान काढलं,
तिसऱ्या ओळीत पेन्सिलीची खूण होती, त्याच्याच हातची,
ओठ धड होते तेव्हाची: इथे श्वास घेऊ नकोस.
त्याने ते पान जरा जास्तच मोठं करून पाहिलं.

फोन ठेवता ठेवता लिझेतने बजावलं,
काही झालं तरी "सगळ्यांना" परवानगी देऊ नका.
तो मान डोलावत राहिला,
जणू तिला दिसतच होतं.

मी म्हटलं, "त्या यादीत माझंही नाव घाल."
"वाचायला, की लिहायलाही?"
मी भांडी पुसत होते.
"पुसायलाही," मी म्हटलं.
तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला,
मग एकेका बोटाने टाइप करू लागला:
दे, ओ, लिं...